चालणारा कोण? कृत्रिम खुबा आणि ‘माझे शरीर’

ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या प्रारंभी शंकराचार्यांनी अध्यासाचे विवेचन केले आहे. अध्यास म्हणजे एका वस्तूचे धर्म दुसऱ्या वस्तूवर लादणे. आत्म्यावर अनात्म्याचे धर्म कसे लादले जातात हे दाखवताना आचार्य बाहेरून आत जाणारी एक श्रेणी मांडतात. तिच्या पहिल्या पायरीवर पत्नी, पुत्र इत्यादी बाह्य आप्त आहेत, ज्यांच्या बऱ्यावाईटाने माणूस स्वतःलाच बरेवाईट झाले असे मानतो. दुसऱ्या पायरीवर देह आहे, तिसरीवर इंद्रिये आणि चौथीवर इच्छा, संकल्प, संशय असे अंतःकरणाचे धर्म. यांपैकी देहाच्या पायरीवरची उदाहरणे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत, कारण लठ्ठपणा, कृशता आणि गोरेपणा यांच्या जोडीने तेथे उभे राहणे, चालणे आणि उडी मारणे या तीन क्रिया येतात. या तिन्ही क्रियांमध्ये धडाचा सगळा भार पायांकडे पोहोचतो तो खुब्यातून. गेल्या साठ वर्षांत हा सांधा काढून त्याच्या जागी धातू, प्लास्टिक किंवा सिरॅमिकचा सांधा बसवणे ही नित्याची शस्त्रक्रिया झाली असून जगभरात दर वर्षी दहा लाखांहून अधिक वेळा ती केली जाते. त्यामुळे आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या त्या विवेचनापुढे आज एक अगदी मूर्त प्रश्न ठेवता येतो. कृत्रिम खुब्यावर उभा असलेला माणूस ‘मी उभा आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो सांधा पहिल्या पायरीवरचा, म्हणजे बाहेरून आलेली आणि केवळ मालकीची वस्तू समजायचा, की दुसऱ्या पायरीवरचा, म्हणजे देहच?

या प्रश्नाचे उत्तर सांध्याच्या द्रव्यात सापडत नाही. ते त्या सांध्याच्या उपयोगाच्या इतिहासात सापडते, आणि म्हणूनच तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष, म्हणजे रुग्ण किती चालले, किती वर्षे चालले, कशामुळे थांबले, हे केवळ वैद्यकाचे तपशील राहत नाहीत. बाहेरची वस्तू दुसऱ्या पायरीवर कशी चढते आणि कधी तेथून पुन्हा खाली येते, याचा इतका विस्तृत आणि इतका काळजीपूर्वक नोंदलेला पुरावा दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात मिळणे कठीण आहे.

खुबा हा उखळी सांधा आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते आणि कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात ते फिरते. दोन्ही पृष्ठभागांवर कूर्चेचा, म्हणजे गुळगुळीत आणि लवचिक ऊतीचा, थर असतो. वयोमानाने, संधिवाताने किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याने हा थर नष्ट झाला की हाडावर हाड घासू लागते. यावर उपाय शोधणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कितीतरी द्रव्ये वापरून पाहिली. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास क्षयाने कुजलेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसवले. बॉस्टनमध्ये मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली काचेची टोपी वापरली, जी शरीराच्या भाराखाली फुटत असे. पॅरिसमधील ज्युडे बंधूंनी १९४६ साली अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवला. हस्तिदंताचा मार्ग आशियातही चोखाळला गेला. ब्रह्मदेशातील मंडाले येथे सान बॉ या शल्यविशारदांनी १९६० साली ८३ वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंती गोळा बसवला आणि पुढील दोन दशकांत अशा ३०० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या. शरीर अनित्य आणि अनात्म आहे या उपदेशावर आयुष्य काढलेल्या स्त्रीच्या देहात दुसऱ्या प्राण्याचा दात भार वाहू लागतो, या घटनेत कोणताही विरोधाभास मानण्याचे कारण नाही. उलट शरीर हे ‘आपले’ नाही असे मानणाऱ्या परंपरेला परकीय द्रव्याचे वावडे असण्याचे कारणच उरत नाही.

आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया मात्र इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. सांध्यातील घर्षण कमीत कमी असावे या विचाराने त्यांनी जाणीवपूर्वक लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा, पोलादी गोळा निवडला, तो हाडात बसवण्यासाठी दंतवैद्यकातील अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरले आणि वाटी टेफ्लॉनची केली. पहिल्या काही महिन्यांत रुग्ण विलक्षण सुधारले. दोन-तीन वर्षांत मात्र टेफ्लॉन झिजून त्याची भुकटी भोवतालच्या ऊतींमध्ये साचू लागली, सांधे सैल झाले आणि सुमारे ३०० रुग्णांवर केलेला हा प्रयोग फसला. चार्नली यांनी टेफ्लॉनचा आणि नंतर निवडलेल्या पॉलिएथिलीनचा नमुना स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि महिनोन्महिने त्यांच्या परिणामांचे निरीक्षण केले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिएथिलीनच्या जागी जवळपास काही जाणवले नाही. लँकशरच्या कापडगिरण्यांमध्ये यंत्रमागांच्या दंतचक्रांसाठी वापरले जाणारे हे चिवट प्लास्टिक १९६२ च्या नोव्हेंबरात माणसाच्या खुब्यात गेले, आणि आजची शस्त्रक्रिया तपशिलांत कितीही बदललेली असली तरी तिचा मूळ आराखडा तोच आहे. दुसऱ्याच्या शरीरात जे घालायचे ते आधी स्वतःच्या शरीराला विचारून पाहणे ही चार्नली यांची कृती वैज्ञानिक पद्धतीच्या काटेकोर निकषांवर अपुरी ठरेल, कारण एका मांडीवरून सर्वांच्या मांड्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. नैतिक दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे. परकी वस्तू आपली होते की नाही याचा निवाडा शेवटी एखादे जिवंत शरीरच करते, ही गोष्ट त्या कृतीत गृहीत धरलेली आहे.

हा निवाडा कसा होतो हे समजून घेण्यासाठी न्यायदर्शनातील शरीराची व्याख्या उपयोगी पडते. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शरीर म्हणजे चेष्टा, इंद्रिये आणि अर्थ यांचा आश्रय असे म्हटले आहे. चेष्टा म्हणजे कोणतीही हालचाल नव्हे. हवे ते मिळवण्यासाठी आणि नको ते टाळण्यासाठी केलेली हालचाल म्हणजे चेष्टा. या व्याख्येच्या पहिल्या अंगाने पाहिले तर कृत्रिम खुबा निःसंशय शरीर आहे, कारण देवळाच्या पायऱ्या चढण्याची इच्छा त्याच्याद्वारे तितक्याच थेटपणे पुरी होते जितकी हाडामांसाच्या खुब्याद्वारे होते. इंद्रियांच्या अंगाने पाहिले तर मात्र तो शरीर नाही, कारण धातूत मज्जातंतू नाहीत आणि त्याला स्पर्श, उष्णता किंवा वेदना कळत नाही. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात चैतन्य हा शरीराचा गुण आहे का, या वादात केस आणि नखे यांचा मुद्दा येतो: त्यांत संवेदना नाही, मग चैतन्य सर्व शरीरभर आहे असे कसे म्हणायचे? त्यावर, शरीर त्वचेपर्यंतच असते आणि केस-नखे तिच्या बाहेर पडतात, असे उत्तर दिले गेले आहे. कृत्रिम खुबा या उत्तराला अडचणीत आणतो, कारण तो नखासारखा बधिर असूनही त्वचेच्या आत, शरीराच्या अगदी मध्यभागी असतो.

तथापि या अडचणीचे मूळ कृत्रिम सांध्यात नसून नैसर्गिक सांध्याविषयीच्या समजुतीत आहे. निरोगी खुब्याच्या पृष्ठभागावरील कूर्चेतही मज्जातंतू नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. जन्मापासून ज्या दोन पृष्ठभागांवर माणूस उभा राहतो ते मुळातच बधिर आहेत, आणि ते बधिर आहेत म्हणूनच पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार सोसूनही माणसाला खुब्याची आठवण होत नाही. वेदना सुरू होते ती कूर्चा संपल्यावर, खालचे हाड आणि सांध्याचे आवरण उघडे पडल्यावर. म्हणजे सांधेरोपणात एका संवेदनशील अवयवाच्या जागी जड वस्तू बसवली जाते, हे वर्णन वस्तुस्थितीला धरून नाही. एक बधिर पृष्ठभाग झिजून गेल्यावर जी संवेदना अस्थानी उघडी पडली, ती पुन्हा दुसऱ्या बधिर पृष्ठभागाखाली झाकली जाते. देहाच्या सुरळीत व्यवहारात अनुभवाला न येणारा भाग किती मोठा आणि किती आवश्यक आहे, हे जितके स्पष्टपणे येथे दिसते तितके क्वचितच दिसते.

यातूनच या लेखातील मुख्य प्रतिपादन निघते. देहासक्ती ही सुदृढ, सुखी शरीराची गोष्ट आहे असा समज अनेक धार्मिक उपदेशांच्या मुळाशी असतो, आणि दुखणे माणसाला देहापासून विन्मुख करते, म्हणून ते एका अर्थाने हितकारक आहे, असेही सुचवले जाते. खुब्याच्या दुखण्याने ग्रासलेल्या माणसाची अवस्था याच्या नेमकी उलट असते. रात्री कुशीवर वळताना, मोजे घालताना, बसमध्ये चढताना, जिना दिसताच, त्याला आधी देहाचा हिशेब करावा लागतो. त्याचा ‘मी’ जवळजवळ पूर्णपणे त्या एका सांध्यात येऊन बसलेला असतो. शंकराचार्यांच्या भाषेत सांगायचे तर वेदना हा अध्यासाचा सर्वांत घट्ट विळखा आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर हा विळखा सुटतो, तो देहाचा त्याग करून नव्हे, तर देह पुन्हा न जाणवण्याजोगा झाल्याने. वैद्यकालाही ही गोष्ट उशिरा का होईना उमगली आहे: २०१२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी रुग्णाला दैनंदिन व्यवहारात आपल्या कृत्रिम सांध्याची जाणीव किती होते हे मोजणारी प्रश्नावली तयार केली आणि सांधा विसरला जाणे हेच यशाचे परिमाण मानले. विस्मरण हे परिपूर्णतेचे लक्षण मानणारे शास्त्र विरळाच.

ज्याची जाणीव राहत नाही ते ‘माझे’ कसे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर असे की ममत्वाचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवले पाहिजेत. घर, दागिने, जमीन यांच्याबद्दलचे ममत्व त्यांच्याकडे लक्ष वेधून घेते. हाताबद्दलचे ममत्व लक्ष हातावरून उचलून हाताने धरलेल्या वस्तूवर नेते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत कृत्रिम खुबा पहिल्या प्रकारचा असतो. रुग्ण त्याच्याविषयी बोलतो, तो निखळू नये म्हणून जपतो, त्याचा एक्स-रे नातेवाइकांना दाखवतो. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, तो दुसऱ्या प्रकारात सरकतो आणि ‘माझा नवा खुबा चालतो’ या वाक्याची जागा ‘मी चालतो’ हे वाक्य घेते. आचार्यांच्या श्रेणीतील पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्याची ही क्रिया मरणाच्या आणि जन्माच्या मध्ये कोठेतरी अदृश्यपणे घडत नसून रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दिसते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ११६ व्या सूक्तात अश्विनीकुमारांनी विश्पलेला लोखंडी जंघा दिल्याचा उल्लेख आहे. तो प्राचीन शल्यविद्येचा पुरावा म्हणून पुनःपुन्हा पुढे केला जातो, आणि विश्पला ही स्त्री होती की घोडी यावर अभ्यासकांचे एकमतही नाही. पण त्या सूक्तात जंघा दिल्याचे प्रयोजन धावणे हे आहे, ही गोष्ट या वादात हरवून जाते. लोखंडाला आपलेसे करण्याची कसोटी सूक्तकारालाही हालचालीतच दिसली.

द्रव्य आणि ‘मी’ यांच्या संबंधाचा विचार बौद्ध परंपरेत सर्वांत निर्भीडपणे झाला. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या प्रारंभी चिनी भाषेत आणलेल्या आणि नागार्जुनाच्या नावावर असलेल्या प्रज्ञापारमितेवरील एका विशाल भाष्यात एक कथा आहे. मूळ संस्कृत ग्रंथ आज उपलब्ध नाही. एक प्रवासी रात्री एका ओसाड घरात मुक्काम करतो. एक राक्षस प्रेत घेऊन येतो, मागोमाग दुसरा येऊन त्या प्रेतावर हक्क सांगतो, आणि दोघे प्रवाशाला साक्ष विचारतात. खरे बोलले काय आणि खोटे बोलले काय, मरण चुकत नाही असे पाहून तो खरे बोलतो. चिडलेला दुसरा राक्षस त्याचा हात उपटतो, तेव्हा पहिला राक्षस प्रेताचा हात काढून त्याच्या खांद्याला जोडतो. असे करत करत हात, पाय, मस्तक, सगळे शरीर बदलले जाते आणि दोघे राक्षस त्याचे मूळ शरीर खाऊन निघून जातात. आईबापांनी दिलेले शरीर आपल्या डोळ्यांदेखत खाल्ले गेले, मग आता आपल्याला शरीर आहे की नाही, या प्रश्नाने भांबावलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी भिक्षूंकडे पोहोचतो. भिक्षू त्याला सांगतात की ते शरीर आजच नव्हे, तर पहिल्यापासूनच ‘मी’ नसलेले होते. आणि तो मुक्त होतो.

भाष्यकारांचे लक्ष भिक्षूंच्या उत्तराकडे असते, पण कथेतील एक गोष्ट उत्तराच्या आधी घडते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: तो माणूस त्या रात्रीनंतर चालत भिक्षूंपर्यंत गेला. ज्या पायांबद्दल ‘हे माझे की दुसऱ्याचे’ असा संशय त्याला होता, तेच पाय त्याला संशय फेडणाऱ्यांच्या दारात घेऊन आले. अनात्मवादाचा सिद्धान्त मान्य करूनही असे म्हणता येते की परक्या अवयवांनी त्याचे प्रयोजन आपलेसे केल्यावरच त्याला तो सिद्धान्त ऐकायला मिळाला. शरीर पूर्णपणे परके असते, तर प्रश्न विचारायलाही कोणी उरले नसते.

द्रव्याच्या नित्यतेविषयी कृत्रिम सांधा एक उलटाच धडा देतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी मोडून नव्याने बांधला जातो. हाड खाणाऱ्या आणि हाड घडवणाऱ्या पेशींचे हे काम आयुष्यभर चालू असते. या हिशेबाने कृत्रिम खुबा बसवलेल्या माणसाच्या सांगाड्यात सर्वांत स्थिर, सर्वांत न बदलणारी वस्तू धातूची आहे आणि सतत बदलणारी वस्तू त्याचे स्वतःचे हाड आहे. तरीही टिकाऊपणात हाड सरस ठरते, कारण धातू आणि प्लास्टिक झिजल्यावर स्वतःला दुरुस्त करू शकत नाहीत. जुन्या पॉलिएथिलीनच्या वाटीतून दर वर्षी सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा थर घासून जात असे. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण भोवतालच्या ऊतींत जात, शरीरातील भक्षक पेशी ते गिळत, पण पचवू शकत नसत, आणि त्या चेतवलेल्या दाहात हाड खाणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागून सांध्याभोवतीचे हाडच पोखरत. शरीर नष्ट होते ते बदलामुळे, ही समजूत येथे कोसळते. जिवंत वस्तू टिकते ती क्षणोक्षणी बदलते म्हणून, आणि कृत्रिम सांधा थकतो तो त्याला बदलता येत नाही म्हणून. क्षणिकवाद्यांनी अनित्यतेला दुःखाचे कारण म्हटले, पण अस्थीच्या पातळीवर अनित्यता हाच जगण्याचा उपाय आहे.

गेल्या तीन-चार दशकांतील प्रगती मुख्यतः या मर्मावर उभी आहे. खडबडीत किंवा सच्छिद्र पृष्ठभाग असलेले धातूचे दांडे हाडाला आत वाढायला जागा देतात; त्यांवर हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट या खनिजाचा लेप दिला जातो, जे हाडातील खनिजाशी जवळचे नाते सांगते; अशा सांध्याला सिमेंटाची गरज राहत नाही, कारण शरीर त्याला स्वतः धरून ठेवते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आलेल्या, किरणोत्साराने साखळ्या परस्परांत गुंफलेल्या पॉलिएथिलीनमुळे झीज फार कमी झाली. सर्वच प्रयोग मात्र असे फळले नाहीत. धातूवर धातू घासणारे मोठ्या गोळ्याचे काही सांधे रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम सोडत असल्याचे आढळले, आणि २०१० साली त्यांतला एक बहुराष्ट्रीय कंपनीचा सांधा जगभरातून परत मागवावा लागला; भारतातही हजारो रुग्णांच्या शरीरात तो होता. त्याचे दोष लवकर उघड होण्यात ऑस्ट्रेलियासारख्या देशांतील राष्ट्रीय नोंदवह्यांचा मोठा वाटा होता. स्वीडनने अशी नोंदवही १९७९ सालीच सुरू केली. भारतात ही नोंद अजूनही बहुतांशी शल्यविशारदांच्या स्वेच्छेवर चालते, आणि ज्या देशाने कर्म आणि त्याचे फळ यांच्या अतूट संबंधावर इतके लिहिले, त्याने आपल्याच कृतींची फळे लिहून ठेवण्याची एवढी हेळसांड करावी, ही खेदाची गोष्ट आहे.

नोंदवह्यांतून आलेले आकडे बोलके आहेत. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार दर १०० कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षे टिकतात. मात्र येथे ‘टिकणे’ याचा अर्थ पुन्हा शस्त्रक्रिया करावी न लागणे एवढाच आहे, आणि टिकलेला सांधा दुखतही असू शकतो: वेगवेगळ्या अभ्यासांत ७ ते २३ टक्के रुग्णांनी दीर्घकाळ वेदना राहिल्याचे सांगितले आहे. या लोकांचा सांधा यंत्र म्हणून निर्दोष आहे, पण तो दुसऱ्या पायरीवर चढलेला नाही. वैद्यकीय लेखनात त्यांची संख्या लहान म्हणून मागे टाकली जाते. ‘आपले’ म्हणजे काय याचा विचार करणाऱ्याने मात्र त्यांच्यापाशीच सर्वांत जास्त थांबावे.

यशाचे मोजमाप कोणाच्या जीवनावरून ठरवायचे, हा प्रश्नही यातूनच उभा राहतो. १९६९ सालच्या हॅरिस गुणांकनात आणि १९९६ सालच्या ऑक्सफर्ड प्रश्नावलीत लंगडणे, जिना चढणे, खुर्चीत बसणे, मोजे घालणे, गाडीत बसणे-उतरणे अशा गोष्टी विचारल्या जातात. जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पंगतीत जेवणे, साष्टांग नमस्कार घालणे, नमाजात सजदा करणे यांविषयी त्यांत काही नाही, कारण ज्या समाजांत त्या तयार झाल्या तेथे देवासमोर बसणे म्हणजे बाकावर बसणे. उकिडवे बसताना खुबा अतिशय दुमडला जातो आणि काही पद्धतींनी बसवलेला सांधा अशा स्थितीत निखळण्याचा धोका असतो, म्हणून दीर्घकाळ रुग्णांना जमिनीवर बसण्याची सरसकट मनाई केली जात असे. आता गोळे मोठे झाले आहेत, सांधा बसवण्याचा कोन अधिक अचूक साधतो आणि रुग्णागणिक वेगळा सल्ला देणे शक्य झाले आहे; तरीही ज्याला मनाई झाली आहे त्याचे काय? धर्मपरंपरांनी येथे वैद्यकापेक्षा अधिक समजूतदारपणा दाखवला आहे. आजारी माणसाने बसून किंवा केवळ खुणेने नमाज पढावा ही सवलत इस्लामी धर्मशास्त्रात पूर्वीपासून आहे, आणि मानसपूजा ही हिंदू परंपरेत कमी प्रतीची मानलेली नाही. पण सवलत असणे आणि उणीव न वाटणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या वृद्धेने पन्नास वर्षे जमिनीवर बसून पोथी वाचली, तिला खुर्चीवरची पोथी आपली वाटत नसेल, तर तिचा सांधा कोणत्याही गुणांकनात उत्तम ठरला तरी तिच्या जीवनात तो अजून पाहुणा आहे.

दुखणे हे प्रारब्ध, ते भोगूनच संपवावे, हा विचार आजही अनेक घरांत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतो. त्याला उत्तर आधुनिक वैद्यकाकडून आणण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश विचारतो की आयुष्याचे मान ठरलेले आहे काय, आणि आत्रेय सांगतात की ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मातील प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून आहे. सर्व काही नियत असते तर औषधोपचाराला अर्थच राहिला नसता. हे उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी दिलेले असताना वेदनेला धर्माची शोभा देणे ही धर्माची सेवा नव्हे. दुसऱ्याच्या दुखण्याला प्रारब्ध म्हणणे तर सोपेच असते, कारण त्या शब्दाने म्हणणाऱ्याची जबाबदारी संपते.

काळाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. वयाच्या सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्के लोकांनाच उर्वरित आयुष्यात ती पुन्हा करावी लागते. पन्नाशीच्या सुरुवातीला ती झालेल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत जाते. महाराष्ट्रात तरुण रुग्णांची संख्या लहान नाही. विदर्भातील सिकलसेलग्रस्त कुटुंबांतील मुलांना आणि तरुणांना गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा विकार होतो. कोविडच्या काळात स्टेरॉइड घेतलेल्या चाळिशीच्या आतील रुग्णांमध्ये हाच विकार मुंबईतील डॉक्टरांना २०२१ साली आढळला. पंचविशीतल्या अशा माणसाने आजची वेदना संपवण्यासाठी पन्नाशीतल्या स्वतःवर एक अधिक कठीण शस्त्रक्रिया ओढवून घ्यावी काय? येथे गीतेतील जुन्या वस्त्राचा दृष्टान्त सांत्वनासाठी वापरला जातो, पण तो लागू पडत नाही, कारण तेथे संपूर्ण वस्त्र टाकून दिले जाते, आणि येथे त्याच वस्त्राला ठिगळ लावून ते आयुष्यभर नेसायचे असते. अधिक उपयोगी विचार बौद्धांचा आहे: उद्याचा ‘मी’ हा आजच्या ‘मी’हून अगदी तोच नाही आणि अगदी वेगळाही नाही, म्हणून त्याच्याविषयीची जबाबदारी स्वार्थ आणि परोपकार यांच्या मधोमध पडते. या दृष्टीने पाहता, आजच्या तरुणाला पंचवीस वर्षे अंथरुणाला किंवा काठीला बांधून ठेवून पन्नाशीतल्या माणसाचे काही भले होत नाही, कारण जी वर्षे चालण्यात, काम करण्यात, संसारात गेली नाहीत, ती वर्षे त्या पन्नाशीतल्या माणसाचीच रिकामी राहतात. प्रतीक्षेला वैद्यकीय कारण असेल तर ती करावी. केवळ सांध्याचे आयुष्य वाचवण्यासाठी माणसाचे आयुष्य खर्ची घालू नये.

उरतो तो मृत्यूनंतरचा प्रश्न. चितेच्या उष्णतेत प्लास्टिकची वाटी जळून जाते, पण टायटेनियमचा दांडा किंवा सिरॅमिकचा गोळा राखेत शिल्लक राहतो आणि अस्थिसंचयाच्या वेळी कुटुंबीयांच्या हाती लागतो. तो अस्थींबरोबर नदीत सोडावा की वेगळा काढावा, याचा निर्णय धर्मशास्त्रात लिहिलेला नाही. येथवरच्या विवेचनावरून एक दिशा सुचते. धातू ‘आपला’ झाला तो चेष्टेमुळे. चेष्टा संपल्यावर तो पुन्हा पहिल्या पायरीवर, बाह्य वस्तूंमध्ये जातो, आणि बाह्य वस्तूचे दान करता येते. युरोपातील अनेक स्मशानगृहांमधून असा धातू गोळा करून वितळवला जातो आणि त्यातून आलेले पैसे धर्मादाय संस्थांना मिळतात; नदीत धातू टाकण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच अधिक धार्मिक आहे. दानाची ही साखळी शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू होऊ शकते. सांधा बदलताना कापून काढलेला हाडाचा गोळा रुग्णाच्या संमतीने जतन करता येतो, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली सुरू झालेल्या ऊतिपेढीत असे गोळे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून दुसऱ्या रुग्णांच्या हाडांतील पोकळ्या भरण्यासाठी दिले जातात. दधीचीने अस्थी दिल्या त्या देह ठेवून; येथे दाता आपल्या पायांनी घरी जातो. चार्नली यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले होते. मृत्यूनंतर सांधा परीक्षणासाठी परत मिळावा, अशी संमती ते आपल्या रुग्णांकडून घेत असत, आणि त्या परत आलेल्या सांध्यांवरून प्लास्टिक किती झिजले, सिमेंटाने हाड कसे धरले, हे पुढच्या पिढीतील शल्यविशारदांना मोजता आले.